साठ पळं

आप्पा तांबाकाट्याला घटिकापात्रं घडवायचे.
वाटी ठोकायला दीड दिवस, म्हणायचे,
भोक पाडायला आठवडा.

सुईनं टोचायचं, पाण्यावर सोडायचं, बसून राहायचं.
लवकर बुडली तर हलक्या हातानं ठोकून
भोक बारीक करायचं.
उशिरा बुडली तर पुन्हा सुई.
बरोबर साठ पळांत तळाला गेली
की मिशीतल्या मिशीत हसायचे,
"झाली बघ, वेळ तयार."

मला वाटायचं, वेळ आमच्या पडवीत तयार होते
आणि करंबेळकर भटजी ती पिशवीत घालून
गिरगावातल्या लग्नांना नेतात.

सगळ्यात आधी हे कुणाला सुचलं असेल?
राजाला नाही.
एखाद्या बाईला. तिचं मडकं गळकं होतं.
मडकं अर्ध्यावर आलं की पोर उठतं
एवढं तिच्या लक्षात आलं असेल,
आणि त्या अर्ध्या मडक्यात तिनं
किती कामं उरकली असतील.

माझगावची धाकलीबाय पापलेट कापता कापता
तिथीची पाऊणपट करायची:
आज चतुर्थी ना, मग तीनला भरती.
तिच्या हातात घड्याळ कधी नव्हतं,
खवलं होती कोपरापर्यंत.

पुढं लग्नांतून पात्रं गेली.
आमच्याकडच्या शेवटच्या वाटीत आई मोहरी ठेवायला लागली,
भोकावर मेण लावून.
चाळीत मात्र वेळ पाण्याचीच राहिली.
पहाटे सव्वाचारला नळ खाकरायचा
आणि अख्खा मजला उठायचा.

आता नायरमध्ये, खिडकीजवळच्या खाटेवर, आई.
आप्पा चष्मा कपाळावर सारून
सलाईनचे थेंब मोजतात.
सिस्टर म्हणते, मिनिटाला वीस.
आप्पा म्हणतात, बावीस.
ती पुन्हा मोजते. चाक जरा फिरवते.
"हात चांगला आहे हो पोरीचा," आप्पा मला म्हणतात,
जणू तिला दुकानात ठेवून घेणार आहेत.

"घटकाभर बस," आई म्हणाली.
हे ती मला वर्षानुवर्षं म्हणत आली,
आणि मी चप्पल न काढता, उंबऱ्यातच.
घटका म्हणजे चोवीस मिनिटं,
हे घटिकापात्रवाल्याच्या मुलीला ठाऊक नव्हतं
असं थोडंच आहे.

आज बसले.
चोवीस झाली, पंचवीस झाली.
तिचा हात गार होता, तळवा तेवढा कोमट.

रात्री आप्पा म्हणाले, तू झोप, बाटलीकडे मी बघतो.
स्टूल ओढून बसले.
त्यांना सवय आहे,
बुडेपर्यंत नजर न काढण्याची.