सात इंची वाटाड्या

ओउलूच्या दुकानात इर्या
दोन्ही हातांत दोन यंत्रं घेऊन उभी,
बाजारात मासे जोखावेत तशी.
पाच इंची की सात इंची?

मोठ्या काचेवर उन्हाची तिरीप येते, म्हणाला ओत्सो,
विक्रेता, गालावर अजून लव.
जानेवारीत? ऊन? इर्यानं विचारलं.
त्यानं मुकाट्यानं सात इंचीचा खोका उघडला.

"नकाशे आजन्म मोफत."
कुणाच्या जन्मभर? मी विचारलं.
त्यानं खोका उलटा करून बारीक अक्षरं वाचली.
"यंत्राच्या."

मग बरेच चौकोन.
टोल टाळा. कच्चा रस्ता टाळा. फेरीबोट टाळा.
इर्या भराभर खुणा करत गेली.
शेवटी, आवाज बाईचा की पुरुषाचा?
माझ्याकडे न बघता म्हणाली,
पुरुषाचा एकतीस वर्षं ऐकला.

खरंय.
एकतीस वर्षं तिच्या उजव्या हाताला मी,
मांडीवर नकाशा, जो पहिल्या घडीवर परत कधी आलाच नाही.
"इथे डावीकडे," मी म्हणायचो,
तोवर ते वळण आरशात.
कायानीत एकाच चर्चला तीन प्रदक्षिणा.
सुओमुस्सल्मीजवळ तर थेट कुणाच्या तरी सौनाच्या दारात,
आतून टॉवेल गुंडाळलेला लाल माणूस बाहेर,
वाफाळणारा.
कालेवी त्याचं नाव. नाताळात त्याचं कार्ड येतं,
पत्ता अगदी बिनचूक.

तर घेतलं सात इंची.
काचेला चिकटवलं, माझ्या नाकासमोर.
बाई चांगली आहे. ओरडत नाही,
"अगं आता, आता!" म्हणत नाही.
मी खिडकीतून बघायला शिकतोय.
इतकी वर्षं या रस्त्याला लाल धान्यकोठार होतं म्हणे.

रविवारी हाइलुओतोला, इर्याच्या बहिणीकडे.
समुद्र गोठलेला, बर्फावरचा रस्ता खुला.
पट्टे सोडले, नियमच आहे तसा,
आणि उतरलो.
पडदा निळा झाला.
निळ्यात आमचा एवढासा बाण, एकटा.
"शक्य तिथे परत वळा," बाई म्हणाली.
पुन्हा म्हणाली.
तिसऱ्यांदा अर्ध्यातच थांबली.

गाडीखाली बर्फ कण्हला, लांबवर, दारासारखा.
इर्याचे हात चाकावर घट्ट.
"बोल की, तैस्तो."

मी बाहीनं काच पुसली.
पुढे बर्फात रोवलेल्या फांद्या,
एकीमागे एक, थेट बेटापर्यंत.
दुसरा रस्ताच नव्हता.

सरळ, मी म्हणालो.

"नक्की?"