चिखल्या वर गेला

महिन्याच्या एक तारखेला यादी लागते.
पगार सातला. म्हणजे यादी आधी.
कोणता प्राणी किती जणांनी खेळवला, टक्क्यांत,
दोन दशांशांपर्यंत,
आणि त्यावरून कुणी कुठल्या पायरीवर राहायचं.

पहिल्या पायरीवर ड्रॅगन, विजेचे घोडे,
ज्यांची चित्रं पोरांच्या दप्तरांवर असतात.
दुसरीवर त्यांना अडवणारे.
आम्ही तिसरीवर.
आमच्याकडे गंजका खेकडा, एकपंखी घुबड,
आणि कुणीतरी जेवणानंतरच्या झोपेत काढल्यासारखा
एक बेडूक. नाव चिखल्या.
वेग एकवीस.
एकवीस म्हणजे समोरचा मारून, चहा पिऊन परत येतो
तोवर याची एक पापणी हलते.

मी तो खेळवायचो.
सातपूरला माझ्या हाताखालून पाळीला नऊशे बुशिंगं जातात,
गो, नो-गो, गो, नो-गो,
दोन मायक्रॉन जास्त भरलं की लाल ट्रे.
घरी आल्यावर कुणालाच लाल ट्रेत टाकावंसं वाटत नाही.

तेव्हा तिसरीवर घुबडाचं राज्य होतं.
पहिल्या चालीत वादळ, दुसरीत समोरचा आडवा.
सगळे घुबड आणायचे, नाहीतर घुबडासाठी दगड,
मग दगडासाठी पाणी, पाण्यासाठी वेली,
आणि वेली फाडायला परत घुबड.
सहा महिने आम्ही असेच फिरलो,
सिडकोतल्या शेअर रिक्षासारखे,
पवननगर, उत्तमनगर, पवननगर.

मग अल्फियाने, वडाळागावातून, रात्री पावणेएकला,
एक चाल शोधली.
चिखल्याला मार खाऊ द्यायचा.
मार खाल्ला की तो फुगतो. तीनदा फुगला
की पट उलटतो: सर्वांत संथ तो सर्वांत आधी.
"घुबड काचेवर आपटल्यासारखं पडलं," तिने लिहिलं.

आठवड्यात पंचवटीतला एक जण तेच खेळला.
मग नाशिकरोडचे तिघे.
मग मला न ओळखणारे, कुठल्या कुठल्या देशांतले,
माझाच बेडूक माझ्यावर फुगवू लागले.
निनाद खैरनार म्हणाला, जपून,
फार लोकांना आवडला तर जाईल.

एक तारखेला गेला.
रेघ साडेचारची. चिखल्या चार पूर्णांक त्रेपन्न.
मी जेवता जेवता फोनकडे बघून म्हणालो, चिखल्या वर गेला.
आईचं उलथणं हवेतच राहिलं.
"कोण रे? कधी?"
समजावता येईना. म्हटलं, बढती झाली त्याची.
"मग तोंड असं का?"

कारण वर तो जगत नाही, आई.
वरचे फुगायला वेळ देत नाहीत.
एका फटक्यात संपतो,
आणि खाली येऊ देत नाहीत, कारण
यादीत लिहिलंय की तो ताकदवान आहे.

तीन महिने गेले. मधल्या काळात
निनाद पुण्याला गेला, मोठ्या कंपनीत.
फोनवर म्हणाला, इथे मिसळीसोबत पापड मागितला
तर माणसं तोंडाकडे बघत राहतात.
बाकी काही म्हणाला नाही.

आज एक तारीख.
चिखल्या परत आला. शून्य पूर्णांक नऊ.
पाळी सुटल्या सुटल्या, गेटबाहेर, गाडीला किक न मारता,
मी त्याला सहांत घेतला आणि पहिलाच उतरवला.

पण इथे आता घुबड नाही.
त्याला घाबरणारं कुणी उरलं नाही
तसं त्याला आणणारंही उरलं नाही.
आता तिसरीवर सगळे विष पेरतात आणि वाट बघतात.
मारतच नाही कुणी.
मारच नाही, तर फुगायचं कशाने?

तो उभा आहे, वेग एकवीस,
कडांपासून हळूहळू जांभळा पडत.
मी त्याला मागे बोलवायला बोट उचललं,
तेवढ्यात अल्फियाचा निरोप:
थांब, काढू नकोस त्याला.
मला काहीतरी दिसतंय.