दाजींची मुंबई

अंबाजोगाईहून निघताना पिशवीत
पाच किलो ज्वारीचं पीठ, लाल चटणीचा डबा,
आणि एका पाठकोऱ्या कागदावर माझ्या अक्षरात
बघायच्या जागा, अनुक्रमांक एक ते नऊ.

दाजींनी कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला,
आणि प्रत्येक जागेसमोर पेन्सिलीनं
बसचा नंबर लिहिला.
म्हणाले, 'संग्रहालय? उतरायचं कुठं ते सांगतो.
आत काय आहे ते माहीत नाही.'

एकतीस वर्षं कंडक्टर.
गेटवेला त्यांनी इतकी माणसं उतरवली
की मोजली तर अख्खा बीड जिल्हा भरेल.
स्वतः उतरले ते चहापुरते,
तेही ड्रायव्हरनं हॉर्न वाजवेपर्यंत.

'मी पण येते,' ताई म्हणाली.
एवढंच.
पण दशम्या तिनं रात्रीच करून ठेवल्या होत्या,
आणि नेसली होती ती मोरपंखी,
जी माझ्या पोरीच्या लग्नानंतर
ट्रंकेबाहेर आली नव्हती.

नवी डबलडेकर. काचा उघडत नाहीत, आत गारवा.
दाजींना पटलं नाही.
'वारा नाही, मग वरचा मजला कशाला?'
तरी जिना चढताना त्यांचा हात
न बघता दांडीवर गेला,
अंधारात आपला घरच्या कडीवर जातो तसा.

ताई सगळ्यात पुढं.
चपला काढल्या, सीटवर मांडी घातली,
ओट्यावर शेंगा फोडायला बसावं तशी बसली.
झाडाची फांदी काचेवर खरवडत आली
की दर वेळी मान खाली घालायची
आणि दर वेळी स्वतःलाच हसायची.

दाजी मागं उभेच, जागा रिकामी असून.
थांबा यायच्या आधी ओठ हलायचे.
'हुतात्मा चौक,' पुटपुटले,
मग थोड्या हळू आवाजात 'फाउंटन',
जुन्या प्रवाशांसाठी.
पोरगेला कंडक्टर यंत्र घेऊन आला.
दाजींनी मोजून सुट्टे दिले.
ओळख दिली नाही.
तिकीट चिमटीत धरून उजेडाकडे केलं,
म्हणाले, 'भोक नाही.'

संग्रहालयात आम्ही सावकाश फिरलो.
भाजल्या मातीची मुंडकी, जपानी फुलदाण्या,
पेंढा भरलेला एक गवा,
ज्याच्यासमोर ताई वीस मिनिटं उभी राहिली
आणि का, ते सांगितलं नाही.
दाजी प्रत्येक दालनाच्या दारात थांबायचे.
आधी सगळ्यांना आत जाऊ द्यायचे.

दुपारी बाहेर बाकावर दशम्या.
चटणीचं तेल बोटांना.
ताई म्हणाली, 'तुम्ही रोज इथूनच जात होतात ना?'
'दिवसातनं आठदा.'
'आणि रात्री मी विचारायची, आज काय बघितलं.'
'हं.'
'तर म्हणायचात, गर्दी.'

दाजींनी दशमीचा तुकडा मोडला.
समोरून एक लाल बस गेली.
ह्या वेळी त्यांनी तिचा नंबर वाचला नाही,
निदान मोठ्यानं तरी.

पुढं यादीचं काही खरं राहिलं नाही.
गेटवेच्या कठड्याला टेकून
होड्या मोजल्या, चुकल्या, परत मोजल्या.
अर्ध्या अर्ध्या कपात तीनदा चहा.
कबुतरं उडाली की ताई पदर सावरायची.

परतीच्या बसला शेवटचा थांबा आला तरी
दाजी उतरेनात.
वाकून एकेका सीटखाली बघत पुढं आले,
अगदी सावकाश, हात पाठीशी.
ह्या वाकण्यात त्यांना आजवर सापडलेलं:
छत्र्या, डबे, एकदा सनई,
एकदा शाळेच्या गणवेशात गाढ झोपलेला मुलगा.
आज माझा कागद.
पाच ते नऊ, खूण नसलेले.

'कुणाचं राहिलंय?' त्यांनी विचारलं,
त्या जुन्या, खालच्या मजल्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात.
ताई पायानं चप्पल शोधत होती.
'आपलंच,' म्हणाली. 'उद्या राणीबाग.'
'उद्या बुधवार. राणीबाग बंद,' दाजी म्हणाले.
'मग परवा.'