रंगीत तालीम

गुरुवारी जेवणं आटोपल्यावर
आम्ही टेबल भिंतीला टेकवलं
आणि तीन खुर्च्या ओळीत मांडल्या.
लाउतारोने टेप धरून मोजलं,
फरशीवर खडूने रेघा ओढल्या :
त्रेचाळीस सेंटिमीटर, माणूस बसेल इतकं.
गुडघ्यांपुढे वीतभर.
तेवढ्यात तेरा तास, माद्रिदपर्यंत.
त्याआधीचे साडेतीन आणि नंतरचे तीन
मी कुणाला सांगतच नाही.
आणि मांडीवर आठ महिन्यांचा आमारो,
ज्याला अख्खं पुंता अरेनास अपुरं पडतं.

इंजिनाचा आवाज शोधावा लागला नाही.
तो सामुद्रधुनीवरून आपणहून येतो,
रोज, फुकट.
छपराचे पत्रे थडथडले, दिवा हलला.
लाउतारो म्हणाला, ‘पट्टे बांधा.’
मी ओढणीची गाठ मारली.

खिडकीकडची जागा शेजारच्या एलादियोंची.
त्यांनी जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली,
विमानात पाऊल ठेवलेलं नाही.
त्यांना काम एकच दिलं होतं : वैतागायचं.
‘तुम्ही अनोळखी आहात,’ मी समजावलं,
‘तुम्हाला झोपायचंय, आणि आमचं पोर रडतंय.’
त्यांनी मान डोलावली,
वर्तमानपत्र उलटं धरलं,
एक उसासा टाकला
आणि लगेच माझी माफी मागितली.

आमारोने मात्र आपली भूमिका चोख केली.
आधी डॉक्टर ओहेदांनी सांगितलेली बाटली
(उडताना काहीतरी चोखू द्या, कानांना दडे बसत नाहीत)
लाउतारोच्या कॉलरमध्ये रिकामी केली.
मग कापडाचा पेंग्विन. फेकला.
चमचा. फेकला.
किल्ल्यांचा जुडगा, माझा चष्मा, केळ्याचा तुकडा.
मग तो रडायला बसला
तो असा, की वाऱ्यानेच जरा ऐकून घेतलं.
मी नाचवलं, लाउतारोने गायलं.
यादीतल्या अकराही युक्त्या
दहा मिनिटांत संपल्या.
अजून आम्ही ढगांवरही पोचलो नव्हतो.

माझ्या मनात आलं, राहू दे.
स्प्लितमध्ये बहीण वाट पाहतेय, पाहू दे.
मिर्नाने त्याला फोनवरच पाहिलंय,
तिच्या लेखी तो तळहाताएवढा आहे,
आवाज नको झाला की बंद करता येणारा.

तेव्हा एलादियोंनी पेपर खाली ठेवला.
‘आणा इकडे.’
त्यांनी त्याला दोन्ही गुडघ्यांमध्ये बसवलं,
पाठ आपल्या पोटाशी,
एक हात छातीवर आडवा,
दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली, जेमतेम.
‘मेंढीसुद्धा अशीच,’ ते म्हणाले,
‘पाय हवेत असले की झटापट करते.
कातरीला भीत नाही ती.
टेकायला काही नाही, याला भिते.’

आमारोने एकदा वर पाहिलं,
त्यांच्या नाकपुडीतले पांढरे केस पाहिले.
एक हुंदका, अर्धवट.
मग त्याचं डोकं
पिकलेल्या फळासारखं कलंडलं.

आम्ही दोघं खुर्च्यांत ताठ,
श्वास धरून,
जणू कुणी हवाईसुंदरी येऊन रागावेल.
लाउतारोने हळूच यादी काढली,
अकराही ओळींवर काट मारली
आणि खाली लिहिलं : पाठ टेकू द्या.
त्याचं अक्षर मला पहिल्यांदाच वाचता आलं.

साडेअकरा झाले.
उद्या आम्हाला बॅगा भरायच्या होत्या,
खडू पुसायचा होता,
पण पोराला उचलावं कसं,
आणि त्याच्याखालच्या माणसाला उठवावं कसं?
मी दिवा मालवला,
विमानातही जेवणानंतर मालवतात म्हणे.

अंधारात एलादियोंचा आवाज आला, अगदी दबका :
‘आता कुठे असू आपण?’

मी खिडकीबाहेर पाहिलं.
पलीकडे त्यांचंच घर,
दिवा न लावलेलं.

‘बरंच जायचंय अजून,’ मी म्हटलं.
‘झोपा तुम्ही.’