हिरव्या हाडांची आई

टोंगलाकेची हाडं हिरवी असतात.
शिजवली तरी हिरवी, वाळवली तरी हिरवी.
लहानपणी सिक्स्टन ती ताटाच्या कडेला मांडायचा
आणि म्हणायचा, हा मासा आतून शेवाळ झालाय.
आमच्या किनाऱ्यावर हा फारसा कुणी खात नाही.
आई खायची. फुकटचं तिला सगळंच गोड लागायचं.

हा मासा अंडी घालत नाही.
पिलं पोटात वाढवतो, ऑगस्टपासून
पार बाल्टिकवर बर्फ धरेपर्यंत.
म्हणून आम्हाला सोयीचा:
एक आई उघडली
की अख्खं घर मोजता येतं.

यल्मार जाळं उचलतो, मी बादली धरते.
नोव्हेंबर. बोटं आपली आहेत हे
डोळ्यांनी बघून खात्री करावी लागते.
खाडीच्या तोंडाशी कागद कारखान्याची चिमणी,
आणि तो वास, उकडून विसरलेल्या कोबीचा,
ज्याला बाबा जन्मभर पगाराचा वास म्हणाले.

पिलू आगपेटीतल्या काडीएवढं.
भिंगाखाली धरायचं, पोट चिरायचं.
आत एकच पिशवी, तर मुलगी.
दोन बारीक धागे, तर मुलगा.
मुलगा. मुलगा. मुलगी. मुलगा.
मुलगा.
मुलगा.
बेचाळीसात सत्तावीस.
दुसरीच्या पोटात एकोणचाळीसात चोवीस.
मुलगे झाले म्हणून
कोणत्या समुद्रात साखर वाटतात?

सिक्स्टनला समजावताना मी म्हटलं होतं,
संप्रेरक म्हणजे चिठ्ठी रे.
रक्तातून जाते, पत्त्यावर पोचते,
आणि पत्त्यावरचा माणूस सांगितलेलं करतो.
तुमच्या कढईत पाइनचं लाकूड शिजतं,
त्यातलं तेलकट काहीतरी पाण्याबरोबर सुटतं,
गाळातले जंतू ते चघळतात, फिरवतात,
आणि त्याची होते हुबेहूब तशीच चिठ्ठी:
अक्षर तेच, सही तीच,
फक्त लिहिणारा कुणी नाही.
पिलू काय करणार? ते वाचतं. आणि ऐकतं.

तो हसला. म्हणाला, म्हणजे कागदच बनवतो की आम्ही.

मग त्या वर्षी बॉयलर फुटला.
जुलैच्या शेवटी थांबलेला कारखाना
ऑक्टोबर सरला तरी थांबलेलाच.
गावाला वास नव्हता. लोक दारात उभे राहून
हवा हुंगायचे, काहीतरी हरवल्यासारखे.
सिक्स्टन घरी बसून बटाटे सोलायचा,
इतके बारीक की सालीतून उजेड दिसावा.

नोव्हेंबरात यल्मारनं जाळं उचललं.
मुलगी. मुलगा. मुलगी.
मुलगी. मुलगा.
बेचाळीसात एकवीस.
मी पुन्हा मोजलं. मग पुन्हा,
मग यल्मारला बोलावून
त्याच्या जाड चष्म्यातून मोजायला लावलं.
तो नुसता हं म्हणाला,
आणि बाहेर जाऊन बराच वेळ
कोरडा असलेला दोर पिळत बसला.

इतकं सोपं होतं ते. पाण्याला
तीन महिने कुणी काही लिहिलं नाही, एवढंच.

संध्याकाळी भावाकडे गेले, सांगायचंच म्हणून.
ओठांवर आलं होतं: मुली परत आल्या.
टेबलावर बँकेचं पाकीट, न फोडलेलं.
धाकटी टूवा बुटांचं माप जमिनीवर खडूनं काढत होती,
गेल्या वर्षीच्या बुटांपेक्षा बोटभर मोठं.
त्यानं विचारलं, काय गं, काय मिळालं यंदा?
मी म्हटलं, मासे.

सोमवारी पहाटे खिडकी उघडली, तर कोबी.
टूवा ओरडली, बाबाचा वास आला!
मी वही काढली, रकाने आखले.
एक पिलू मात्र अजून बाटलीत आहे
त्याच चांगल्या वर्षातलं, शेवटच्या आईचं:
एक पिशवी, आणि तिला चिकटून
एक धागा, किंवा धाग्याची सावली.
ते मी कुठल्याच रकान्यात टाकलेलं नाही.
कधीकधी दिवा तिरका करून बघते.