नव्याण्णव

माझ्या कामाला तीन वस्तू पुरतात:
फॉर्मांचं पॅड, निळं बॉलपेन
आणि गळ्यात अडकवलेलं स्टॉपवॉच.
वाशीच्या प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं,
पाहायचं. बोलायचं नाही. हात लावायचा नाही.
बाळ बाहेर आलं की बटण दाबायचं,
नाळेला चिमटा लागला की पुन्हा.
मधलं अंतर सेकंदांत लिहायचं.

मधलं अंतर.
तेवढ्यात बाळाचंच रक्त, वारेत मागे राहिलेलं,
त्याच्या मागोमाग येत असतं,
एसटी सुटता सुटता
कुणी खिडकीतून आत सरकवावा डबा
तसं.

भोपी सिस्टरांचा चिमटा विसाव्या सेकंदाला तयार.
'टेबलं तीन, बायका सात,' त्या म्हणाल्या,
'तुझी ती तीन मिनिटं कुठल्या खाटेवर ठेवू, सांग.'
याला रकाना नव्हता.
मी २० लिहिलं.

मंगळवारी इलठणपाडा, घरभेटी.
बंद खाणीच्या कडेला शेवटचं दार.
निलव्वा धोत्रे, वय अंदाजे चोवीस,
तिसरं बाळंतपण, घरीच,
रिक्षा रबाळ्याहून वर चढायला तयार नव्हती म्हणून.
प्रश्न सतरा: नाळ किती वेळाने कापली?
ती सासूकडे बघते.
'वार पडल्याबिगर कोन कापतंय?' सासू म्हणते.
मिनिटं सांगा ना मावशी.
'घड्याळ कुनी बघितलंय. लाइट गेल्ती.
धाकला मोबाइलची बॅटरी धरून हुभा,
भितीकडं तोंड करून.'
मी लिहिते ९९.
नव्याण्णव म्हणजे माहीत नाही.

कशाने कापली?
'पात्यानं. नव्या.'
मग जरा थांबून, 'नवंच म्हनायचं.'
कापल्यावर वर काय लावलं?
राख.
चुलीतली नाही हं, देवापुढच्या उदबत्तीची.

डॉक्टर लोक आज जे थांबायला शिकवतात
ते थांबणं, आणि ही राख,
दोन्ही एकाच हातातली.
मला त्या हाताच्या पाया पडायचं होतं
आणि त्याच हातावर चापट मारायची होती.
फॉर्मवर दोन चौकोन, एकाच मापाचे.
दोन्हींत खुणा केल्या.
बाळ झोळीत होतं. त्याची बेंबी कोरडी होती.
मी तीनदा बघितली,
तिसऱ्यांदा कुठल्याच प्रश्नासाठी नाही.

शुक्रवारची रात्र, पुन्हा प्रसूतिगृह.
तुर्भे नाक्याची नाझनीन, पहिलटकरीण,
सोबतची जाऊ बाहेर केसपेपरच्या रांगेत.
मी भिंतीला टेकून, नेमून दिलेल्या जागी,
टेबलापासून पाच फुटांवर.
पाच फूट म्हणजे काय, ते तिला कोण सांगणार!
कळ आली आणि तिने हात लांब केला,
दिसेल त्याला धरायचं म्हणून.
मी एक पाऊल पुढे गेले.
एवढंच. एकच पाऊल.
माझं मनगट तिच्या मुठीत
आणि मुठीत नखं.

बाळ आलं. मुलगी. रडली.
डाव्या हाताने बटण दाबलं, हे आठवतं.
सिस्टरांनी पोर आईच्या पोटावर पालथी ठेवली,
वर कोरडं फडकं,
आणि दोन बोटं नाळेवर.
चिमटा ट्रेमध्येच.
बाहेरून कुणी हाक मारत होतं, दोन नंबरला बोलावत होतं.
'थांब गं,' त्या म्हणाल्या,
मला, नाझनीनला की बाहेरच्या हाकेला, देव जाणे,
'अजून चालतीये.'

त्या खोलीत एवढी शांतता मी कधी नोंदवलेली नाही.

दुसऱ्यांदा बटण दाबायचं राहून गेलं.
स्टॉपवॉच रात्रभर चालत राहिलं,
मी ठाण्याला घरी पोचले, आंघोळ केली,
ओढणी काढताना दिसलं:
आठ तास, चार मिनिटं, आणि पुढे जातच होतं.

निरीक्षण क्रमांक २१४.
वेळ: ९९.

सोमवारी पॅड परत आलं.
समासात सबनीस मॅडमची लाल शाई:
घटना समोर घडली, मग माहीत नाही कसं? कारण लिहा.

मनगटावरच्या चार चंद्रकोरी
एव्हाना पिवळ्या पडत आलेल्या.
मी निळं पेन उघडलं
आणि खाली लिहिलं:
हात मोकळा नव्हता.