ब्रश आडवे सुकवायचे

नवाबागेतल्या आमच्या विहिरीचं पाणी
मे महिन्यात मचूळ होतं.
शाम्पू कितीही चोळा, फेस धरत नाही.
म्हणून लग्नसराईत मी दोन कळश्या
वरच्या वाडीतून आणते, गोड्या पाण्याच्या,
एक पिण्यासाठी, एक ब्रशांसाठी.
घरात यावरून बोलणं होतं. होऊ दे.

काल कुबलांकडचं लग्न.
आज एकोणीस ब्रश, मोरीच्या कट्ट्यावर.

मोठा पावडरचा, बोकडाच्या केसांचा;
त्यावर शेजारच्या मांजरीचा डोळा.
गेल्या वर्षी तोंडात धरून कौलांवर गेली होती,
मिशांना नवरीची लाली लावून.

केस खाली, दांडा वर.
पत्र्याच्या चापात पाणी शिरू द्यायचं नाही,
गोंद सुटतो, मग ऐन मुहूर्तावर
गालाला केस चिकटतो आणि नाव माझं जातं.
तळहातावर एक थेंब, गोल गोल, हलक्या हाताने.

पाणी निथळतं ते गव्हाळ,
गावात कुणाचाच नाही असा रंग.
"वायच उजळ कर गे माका," जी ती म्हणते.
मी करते. दोन शेड.
मोरीतून तो सगळा उजळपणा
अळवाच्या मुळाशी जातो.
अळू अजून काळंच आहे.

शेवटी उरतो बारका, डाग झाकायचा.

मुहूर्ताआधी तातू कुबल, नवरीचे वडील,
कोठीच्या खोलीत आले, दार लोटून घेतलं.
ओठाच्या कडेपासून हनुवटीपर्यंत पांढरा चट्टा,
सगळ्या रापणीला माहीत असलेला.
"फोटोत ह्यो दिसाक नको. पोरीच्या सासरचे..."
वाक्य तिथेच सोडलं.

माझ्या पेटीत त्यांच्या रंगाची शेड नव्हती.
भुवयांची तपकिरी घेतली, लिपस्टिकचा कोपरा,
बोटावर काजळ, आणि मिसळत राहिले
उन्हात चाळीस वर्षं उभा असलेला माणूस होईपर्यंत.
त्यांनी डोळे मिटले, नवऱ्या मिटतात तसे.
दाढीच्या खुंटांत ब्रश अडखळत होता.

पाठवणीला सगळे रडले.
तातूंनी चेहऱ्याला हात लावला नाही.
गालावरून पाणी उतरू नये म्हणून
मान वर करून
मांडवाची झालर बघत राहिले.

आज सकाळी दारात. केळीच्या पानात बांगडे.
चेहरा कालचाच. रात्रभर उताणे झोपले असणार.
"ह्यो कसो काढूचो?"

खोबरेल तेल, कापूस. घासायचं नाही, टिपायचं.
ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो
तसा चट्टा हळूहळू वर आला.
आरसा तिरपा धरून तातूंनी पाहिलं.
"इलो परत," म्हणाले,
शेजारी गावाहून आल्यासारखं.

तो ब्रश सगळ्यांत शेवटी धुतला.
पाणी निघालं काळसर, तांबूस,
ओल्या होडीच्या लाकडासारखं,
आणि एक पांढरा केस,
ब्रशाचा नव्हे.

आता सगळे आडवे, पंचावर, सावलीत,
डोकी कट्ट्याबाहेर काढून.
उभे ठेवले तर ओल मुळात उतरते.
या हवेत सुकायला रात्र जाईल,
आणि पहाटे पाचला मोचेमाडची नवरी.

बांगडे अजून साफ व्हायचेत.
मांजर केव्हाची बसून आहे,
ब्रशांकडे बघतेय की बांगड्यांकडे,
सांगता येत नाही.